शेवटच्या बाकावरचे सभापती

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गातल्या खुर्चीवर कधी बूड टेकवलं नाही. रोज एका पोराला नाहीतर पोरीला तिथं अध्यक्ष म्हणून बसवायचं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. काही शिकवायचं असलं तरी ते हात वर करून अध्यक्षांची परवानगी मागत. सगळं कॉलेज त्यांना ‘सभापती’ म्हणे. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं.

मी त्या वर्गात बत्तिसाव्या वर्षी गेले, दोन लेकरं सासूच्या गळ्यात टाकून. विद्येची ओढ वगैरे काही नव्हती. सरपंचपद बायांसाठी राखीव होणार हे सासऱ्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून घरात एक शिकलेली सून तयार ठेवायची होती. मी मात्र पद मिळाल्यासारखीच चाले. खांद्याला पर्स, पर्समध्ये फक्त कंगवा. भाषणाचा सराव गोठ्यात म्हशीपुढं. ती मधेच पाठ फिरवी. गावात तेवढी एकच जाणकार होती म्हणायची.

माझी अध्यक्षपदाची पाळी आली तेव्हा विषय होता, हातपंप कुठं बसवायचा. चार मिनिटांत ठराव मंजूर करून मी पदर खोचला. मागून हात वर झाला.

“अध्यक्ष महोदया, मंजूर कुणी केला?”

“सगळ्यांनी, सर.”

“मी तर काई बोललोच न्हाई.”

“तुमी मास्तर. तुमाला कुठं धरायचं?”

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. मग म्हणाले, “ज्याला धरत न्हाईत ना बाई, हंडा घेऊन त्यालाच लांब जावं लागतंय.” मी ते वहीत ठळक अक्षरात उतरवून घेतलं. परीक्षेत येईल असं वाटलं होतं.

त्यांचा एक हट्ट होता. कुणाला विरोध करायचा तर आधी त्याचंच म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. तो “व्हय, असंच” म्हणाला की मग आपलं बोलायचं. पोरं वैतागत. आणि सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते कुणाला सही करू देत नसत. आता माझी नात कॉलेजातल्या नेतृत्व शिबिराचं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र घेऊन आली. मी विचारलं, “काय शिकवलं गं?” म्हणाली, “आत्मविश्वास.” म्हटलं, तो माझ्याकडं पोतंभर होता, बाई.

बी.ए. झाले आणि सरपंचही झाले. सर मूळचे आमच्याच गावचे. ओढ्यापलीकडं गायरानावर बौद्धांची सात-आठ पत्र्याची घरं होती, त्यांतल्या एकात त्यांची आई एकटी राही.

आमच्याकडं बाई सरपंच असली की ठरावाचं रजिस्टरच तिच्या घरी येई. त्या दिवशी माझे दीर, तेही मेंबर, घेऊन आले. मी भाकरी थापत होते.

“वहिनी, पाण्याच्या टाकीचं हाये. इथं सही करा.”

“पान तर कोरं हाये.”

“ग्रामसेवक लिहून घेतेत मागून. भाकर करपून राहिली तुमची.”

मी पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. इंग्रजीत, तेही लफ्फेदार.

सहीच्या वर नंतर जे लिहिलं गेलं ते असं : आठवडी बाजारासाठी गायरानावरील अतिक्रमण काढण्यात यावे. मशीन आलं, दुपारपर्यंत घरं आडवी झाली. सरांनी आईला शहरातल्या आपल्या खोलीवर नेलं. म्हातारी तिथं अन्नाला शिवेना. दोन महिन्यांत गेली.

मी सरांकडं गेले. सगळं सांगितलं.

“म्हंजे तुमचं म्हणणं असं, की पान कोरं होतं, दिरांनी दुसरंच सांगितलं, तुमचे हात पिठाचे होते. बराबर?”

“व्हय, सर. असंच.”

“आता माझ्या आईचं म्हणणं मांडा.”

मी उभी राहिले. एक वाक्य सुचेना. सरांनी उठून चहाचं आधण ठेवलं. चहा दिला. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मला ‘बाई’ म्हणणंही सोडलं. ‘सरपंच’ म्हणू लागले.

पुढच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की हा ठराव माझ्या सहीनंतर लिहिलाय. मेंबरांनी महिन्याभरात अविश्वास ठराव आणून मला काढलं. हात वर करणाऱ्यांत दीर पहिले. घरं काही परत उभी राहिली नाहीत.

सर नोकरीत असतानाच गेले. कॉलेजच्या शोकसभेत ‘सरांनी घडवलेलं नेतृत्व’ म्हणून मलाच बोलायला उभं केलं. लिहून आणलेलं मी घडी करून ठेवलं आणि ओढ्यापलीकडल्या घरांचं सांगायला लागले. मागं आमच्या गावच्या चार बाया बसल्या होत्या, त्यांचीही घरं त्यातच गेलेली. त्यांतली एक उठली.

“बाई, आमच्या घरात कदी आल्त्या का तुमी? पाणी प्यायला, बसायला?”

“न्हाई,” मी म्हटलं.

“मंग बसा खाली. आमी सांगतो.”

मी बसले.