सुधाभाऊचं प्रदर्शन आणि त्याची माय

ऑर्केस्ट्रावाल्यांना किस्से जमवावे लागत नाहीत, स्पीकरवर धूळ साचते तसे ते साचतात. नव्वदीत माजरीच्या कॉलनीत आमचा रॉक ऑर्केस्ट्रा होता. हप्ताभर खाणीत कोळसा, सुटीला स्टेज! गाणारा आणि गिटारवाला सुधाभाऊ. त्याला ऐकायला लोक ट्रॅक्टर भरभरून यायचे. मग कावीळ झाली आणि तो गेला. चार वर्षांनी चंद्रपूरच्या एका छोट्या संग्रहालयानं त्याच्यावर पंधरा दिवसांचं प्रदर्शन भरवलं.

सुधाभाऊची माय पारबताबाई चिमूरकडच्या गावात तलावात मासे धरायची. पोरानं जाळं सोडून गिटार घेतली, तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचं एक गाणंही ऐकलं नाही. आम्ही ठरवलं, प्रदर्शन संपायच्या आत मायला आणायचंच!

*

प्रदर्शनाला सुधाभाऊची गिटार हवी होती. ती आमच्या ड्रमरकडे, यूसुफभाईंकडे. त्यांचा जोडधंदा लोखंडी पेट्या रंगवायचा. मग काय, इज्जतीचा सवाल! त्यांनी गिटार घासली, ओरखडे लांबीनं बुजवले, चकचकीत लाल रंग मारला आणि वर दोन गुलाबही काढले. संग्रहालयाचे साहेब डोकं धरून बसले. "अहो, आम्हाला जुनीच पाहिजे होती!"

यूसुफभाई शांत. "मंग दोन साल ठेवा ना. होते जुनी!"

*

मी सुटीच्या अर्जात खरं तेच लिहिलं, 'मित्राला भेटायला जायचं आहे.' खाणीतल्या साहेबांनी विचारलं, "कोणत्या दवाखान्यात आहे?"

"म्युझियममधी, साहेब."

त्यांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळलं. एक दिवस मागितला होता, दोन दिले! वर म्हणाले, "जरा आराम कर."

*

मायकडे पहिल्यांदा गेलो तर तिनं दार लावलं. दुसऱ्यांदा कुत्रं सोडलं. तिसऱ्यांदा आमचा बेस गिटारवाला, सिरोंच्याचा राजन्ना, अंगणात ठाण मांडून बसला. "माय, तू हो म्हनशीन तवाच उठीन!"

"बस ना. मले सारवाचं हाय," असं म्हणून मायनं त्याच्या चहूबाजूंनी अंगण सारवून काढलं! ओल्या शेणावर पाय द्यायची हिंमत कुणाची? राजन्ना संध्याकाळपर्यंत मधोमध बसून होता.

*

शेवटचा दिवस उजाडला. आता मायचं नवीनच. "आज तलावात जाळं हाय. माह्या वाटनीचं कोन ओढन?"

"आमी!" यूसुफभाई, राजन्ना आणि मी, तिघंही कमरेइतक्या पाण्यात उतरलो. ओल्या पँटनं बस गाठली. मायला आता नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं, आली बिचारी. संग्रहालयाच्या दारात गार्डनं नाक दाबलं. "हा मासोळीचा वास कायचा?"

राजन्ना ताठ उभा राहिला. "कलाकाराच्या घरचा हाय!"

*

आत माय काही पाहीना. गिटार, फोटो, त्याचं खाणीतलं हेल्मेट, कशाकडेही नजर नाही. पदर घट्ट धरून कोपऱ्यात उभी. मला रागही आला आणि रडूही. एवढ्या लांबून आणून हेच? मी गार्डला सुधाभाऊच्या गाण्यांचा टेप लावायला सांगितला.

गाणं सुरू करायच्या आधी सुधाभाऊ एक लांबलचक आरोळी ठोकायचा, "होऽऽऽ हे!" इंग्रजी कॅसेटी ऐकून शिकला असेल, असं आम्हाला वाटायचं. संग्रहालयाच्या पाटीवरही तेच लिहिलं होतं.

टेप सुरू झाला. आरोळी हॉलभर घुमली.

मायच्या हातून पदर सुटला. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोरापेक्षा दुप्पट आवाजात आरोळी दिली, "होऽऽऽ हे!" काचा थरथरल्या. गार्ड धावत आला. "बाई, इथी ओरडता येत नाई!"

माय त्याच्यावरच उखडली. "पोरगा पल्याडच्या काठावरून हाक देऊन राह्यला! म्या जवाब नाई देल्ला, त जाळं कसं ओढन तो?"