हप्त्याच्या मोटारीचं गणित

आमच्या हेडमास्तरांचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. ते स्वतः गणिताचे. पण गणित शिकवायचं म्हणजे फळ्यावर सूत्र लिहायचं, पोरांकडून घोकून घ्यायचं आणि ज्याला येत नाही त्याच्या हातावर पट्टी ओढायची, एवढंच त्यांना ठाऊक. सत्तरच्या दशकात भवानी पेठेतल्या त्या शाळेत मी सातवीला गणित शिकवत होते, आणि दुसऱ्या वर्षीही टेंपररीच होते. वडील गिरणीतून सुटून घरी बसलेले, घर माझ्या पगारावर. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कायमची ऑर्डर हातात पडली तर चूल पेटणार होती, आणि ऑर्डर मिळणार होती हेडमास्तरांच्या शेऱ्यावर.

त्या वर्षी त्यांनी एक जुनी काळी मोटार हप्त्यावर घेतली होती. लग्नसराईत वरातीला भाड्यानं द्यायची म्हणून. मोटारीचं दुकान आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचंच. शिपायाकडून रोज तिला फडकं मारून घ्यायचे आणि चहाच्या वेळी आम्हाला ऐकवायचे, "बँक बारा टक्के मागते हो. अध्यक्षसाहेबांनी दहानं दिली, घरचा माणूस म्हणून." ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

व्याजाचा धडा आला तेव्हा मी तसलीच एक मोटार फळ्यावर घेतली. कर्ज सहा हजार, मुदत एक वर्ष, दर महिन्याला पाचशे मुद्दल फेडायचं. दुकान दहा टक्के घेतं, पण वर्षभर पुऱ्या सहा हजारांवर. बँक बारा टक्के घेते, पण जेवढं फेडायचं राहिलं तेवढ्यावरच. स्वस्त कुठलं?

"दुकान!" सगळा वर्ग ओरडला.

मग मी मांडायला लावलं. दुकानाचे सहाशे एका ओळीत आले. बँकेचं महिन्याला एक टक्का. पहिल्या महिन्यात साठ, पाचशे फिटले की पंचावन्न, मग पन्नास, असं उतरत शेवटच्या महिन्यात नुसते पाच. बेरीज तीनशे नव्वद. दोन-तीनदा बेरीज करूनही पोरांचा विश्वास बसेना. एरवी गणिताच्या तासाला पेंगणारी पोरं बाकावर चढायची बाकी होती. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

वर्गातल्या एका मुलीचे वडील ड्रायव्हर होते आणि त्याच दुकानातून टॅक्सीसाठी मोटार घेणार होते. लेकीनं घरी जाऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस शाळेच्या फाटकात उभा. "बाई, मी दुकानात गेल्तो. म्हणलं, फेडलेल्या पैशावर याज कशाला द्यायचं? शेठ लई तापले की. कुणी शिकिवलं म्हणले. म्या सांगितलं, शाळेतच शिकिवलंय."

बिचाऱ्यानं कौतुकानं सांगितलं होतं. शेठ म्हणजे आमचे अध्यक्षच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मधली सुट्टी संपते न संपते तोच हेडमास्तर वर्गात शिरले. माझ्याकडे न बघता पोरांना म्हणाले, "बाईंचं जरा चुकलं. नीट लिहून घ्या." आणि खडू घेऊन झोकात सूत्र लिहिलं, मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. दुकानाचे सहाशे, बँकेचे सातशे वीस. "पुस्तकात हेच आहे. दुकान स्वस्त."

ड्रायव्हरची मुलगी उभी राहिली. "सर, बँकेचे पैसे आपण मधीच फेडत आणलो की. फेडलेल्यावर पण याज धरायचं व्हय?"

हेडमास्तरांनी सातशे वीसच्या खाली साठ लिहिले, पंचावन्न लिहिले. वीसएक वर्षं पट्टीच्या जोरावर हे सूत्र शिकवलेल्या माणसाला स्वतःची मोटार घेतानाही दोन टक्के कमी एवढंच दिसलं होतं, आणि ते त्याला आत्ता, बारा वर्षांच्या पोरीमुळे कळत होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. कळलं होतं त्यांना, शंभर टक्के कळलं होतं. त्यांनी डस्टर उचललं, फळा पुसला आणि जाता जाता मला म्हणाले, "पाठ्यपुस्तकाबाहेरचं शिकवायचं नाही, बाई."

सुट्टी लागली तेव्हा ऑर्डर आली नाही. शेऱ्यात लिहिलं होतं, विषयाचं ज्ञान अपुरं. गणित न कळणाऱ्यानं तसं लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. याला कळलं होतं आणि तरी त्यानं लिहिलं, याचा राग माझ्या मनातून आजतागायत गेलेला नाही.

जूनमध्ये पासबुकात राहिलेले थोडे पैसे काढायला मी बँकेत गेले. कर्जाच्या टेबलापाशी हेडमास्तर बसलेले. दुकानाची बाकी फेडून बँकेचं कर्ज घ्यायला आले होते. मला बघून ओशाळले, पण गरज मोठी होती. हातातला आकड्यांचा कागद पुढे करून हळूच म्हणाले, "बाई, एवढी बेरीज जरा बघता का? उरलेल्या रकमेवर धरलंय मी, पण कुठंतरी चुकतंय."

मी कागद बघितला. चूक दुसऱ्याच ओळीत होती, लगेच दिसली.

"पाठ्यपुस्तकाबाहेरचं मी शिकवत नाही, सर," म्हटलं, आणि पैसे घ्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिले.