पंचाहत्तरीची घाई

कांबळेबाईंना मी प्रथम पाहिलं ते त्यांच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसून. कसबा बावड्याच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला नवीन होते आणि मुख्याध्यापकांनी बाईंचा गणिताचा तास बघायला पाठवलं होतं. एका मुलाने आडवा प्रश्न विचारला. बाईंनी फळ्याकडे पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, "मला येत नाही. उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर आणलं, आणि त्या मुलाला फळ्यापाशी बोलावून त्याच्याकडूनच ते सोडवून घेतलं.

बाईंच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला बजावलं आहे, "चार चांगले शब्द लिहा." लिहिते की! बाईंविषयी वाईट लिहायला आहेच काय?

निवृत्तीनंतर बाईंनी दहावीला गणितात नापास झालेल्या मुलींचा वर्ग शाळेच्याच एका खोलीत सुरू केला. एक पैसा घेतला नाही. एकदा साखर कारखान्यातले एक कामगार मुलीचं नाव वर्गातून काढायला आले. "पावणं बघून गेल्यात बाई, लगीन ठरलंय." बाई म्हणाल्या, "ठरू दे की. पास झाल्यावर करा. नवरदेव काय पळून चाललाय व्हय?" मुलगी पास झाली, पुढे शिकली. आज वारणानगरला नोकरी करते आणि बापाचं औषधपाणी तीच बघते.

चार महिन्यांपूर्वी बाईंना चक्कर येऊ लागली, डोकं ठणकू लागलं. मेंदूचा स्कॅन झाला. पिट्युटरी म्हणून मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ असण्याची शक्यता आहे, असं रिपोर्टात आलं. दुसरीकडे इंजेक्शन देऊन पुन्हा स्कॅन केला, तर गाठ दिसत नाही, ग्रंथीच जराशी मोठी आहे म्हणाले. तिसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडावर धरल्या, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. गाठ असेल, नुसती सावलीही असेल. सहा महिन्यांनी परत बघू." बाईंना तेच डॉक्टर आवडले. पण रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "सुनंदा, गणित एक आणि उत्तरं तीन. मला भीती वाटती गं."

डॉक्टरांना जे कळलं नाही ते गावाला मात्र लगेच कळलं. म्हशीचं धारोष्ण दूध विकतात त्या दूध कट्ट्यावर चर्चा सुरू झाली. "बाईंच्या डोक्यात गाठ हाय म्हणं." "व्हय, म्हणूनच विसरायला लागल्यात." काय विसरल्या त्या? शाळेतल्या मुलींची नावं आजही आडनावासकट सांगतात! एका पालकाने मुलीला वर्गातून काढलं. "गणित चुकीचं शिकवलं तर?" म्हणे. अहो, मुलगी नापास झाली तेव्हा कुणाच्या डोक्यात गाठ होती? ज्यांनी बाई बौद्ध म्हणून उभ्या जन्मात त्यांच्या घरचा चहा घेतला नाही, ते जोतिबाचा गुलाल घेऊन भेटायला आले. बाईंनी चहा टाकला. "घाईत हाय," म्हणत तेव्हाही तो न पिताच गेले.

मग शाळा चालवणाऱ्या संस्थेची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, बाईंना विश्रांतीची गरज आहे, वर्ग बंद करू. खोलीला कुलूप लागलं. त्याच बैठकीत बाईंच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला आणि गौरवग्रंथाची ही समिती नेमली गेली. पंचाहत्तरीला अजून दोन वर्षं आहेत, असं मी म्हटलं, तर उत्तर मिळालं, "फुडचं कुणी बघितलंय?" बाईंना विचारलंत का, म्हटलं, तर म्हणे, "नको, त्यास्नी धक्का बसंल." माणूस जिवंत आहे, बोलतं-चालतं आहे, आणि यांनी चौदाव्याची तयारी करावी तशी निमंत्रणं छापली. मला संताप आला, अजून आहे.

बाईंना मीच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेल्यावर बोलायचं ते आत्ताच उरकून घ्यायलेत की. गाठ हाय का न्हाय ते मला ठाऊक न्हाय. पण मार्चच्या परीक्षेला पोरी बसणार हायत, ते ठाऊक हाय." त्यांचे डोळे भरले होते. आजाराच्या भीतीने नव्हे, वर्ग गेला म्हणून.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी ते मनापासून चिंतते. बाई, तुम्ही खूप जगा. त्या डोक्यात काही नसेल तर उत्तमच, असेल तर त्याला घेऊन जगा, पण ठणठणीत जगा. आणि समितीच्या सभासदहो, बाईंनी तुम्हाला एक निरोप दिला आहे, तो पोचवायला मला हीच जागा बरी वाटली. खोलीचं कुलूप निघून मुली आत बसल्याशिवाय बाई तुमच्या व्यासपीठावर येणार नाहीत.