पुसलेल्या जागा

आमच्या धक्क्यावर त्याला सगळे वायरकाका म्हणतात. होड्यांवर मासे दाखवणारं यंत्र आणि जीपीएस बसवणं हा त्याचा धंदा. बाकाखाली डोकं खुपसून आडवं पडण्यात जन्म गेला, त्यामुळे मान कायमची आखडली आहे, आणि गुडघ्यांबद्दल तर बोलायलाच नको. "आता बस झालं," असं तो रोज म्हणतो आणि रोज ड्रिल घेऊन हजर होतो.

त्याची एक शिस्त आहे. यंत्र बसवलं की मालकाबरोबर समुद्रात एक फेरी मारायची, आणि परत आल्यावर मालकाच्या डोळ्यांदेखत यंत्रातल्या सगळ्या खुणा पुसून टाकायच्या. मासे कुठे लागतात ते मासेमार सख्ख्या भावालाही सांगत नाही. परका फिटर ते बघून गेला तर त्याची झोप उडेल. या एका गोष्टीवर काकाचं नाव टिकून आहे.

धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या मासेमाराच्या होडीचं काम त्याच्या मुलीने दिलं. काकाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा विसरायला लागलेत. परवा माझंच नाव आठवेना त्यांना. पुढे होडी मलाच चालवायची आहे, आणि जागा फक्त त्यांना माहीत. आठवतंय तोवर मशीनमध्ये घालून द्या."

"ते दाखवतील?"

"कसंबसं तयार केलंय."

काकाने सेन्सर मागच्या फळीवर, पंख्याच्या फेसापासून लांब बसवला. वायर वर ओढून घ्यायला भोक पाडलं. म्हातारा शेजारी उभा राहून कटकट करत होता.

"माझ्या होडीला भोक पाडतोस?"

"पाण्याच्या वर आहे हो, दादा. सीलंट भरतोय."

"वर आहे म्हणे! लाट काय तुला विचारून येते?"

एरवी काका हसला असता. त्या दिवशी तेवढीही ताकद नव्हती.

फेरीला दोघंच गेले. मुलगी बर्फ आणायला गेली होती. पाण्यावर गेल्यावर म्हातारा असा खुलला की काही विचारू नका. किनाऱ्यावरच्या कारखान्याची चिमणी पाण्याच्या टाकीमागे दडली तसा म्हणाला, "आता याच रेषेत आत चल. अजून. अजून. हं, इथे. दाब बटण." पुढे खडकाची कड आली. "इथे थंडीतच यायचं, नाहीतर जाळं फाडून घेशील." एकही जागा चुकली नाही. दर वेळी काकाने बटण दाबलं आणि पडद्यावर खूण उमटली.

परतेपर्यंत ऊन चढलं होतं. काकाने दोर बांधला, यंत्रापाशी वाकला, गुडघ्यातून कळ गेली, आणि बोटांनी नेहमीचं काम उरकून टाकलं. सगळं पुसायचं? हो. नक्की? हो. पडदा कोरा झाला.

"शाब्बास," म्हातारा म्हणाला. "कुणाला दिसता कामा नये." बटण दाबायला आपणच सांगितलं होतं, हे तो विसरला होता.

तेव्हा कुठे काकाच्या ध्यानात आलं, या खुणा तर ठेवायच्या होत्या. तेवढ्यात मुलगी बर्फ घेऊन आली. "आल्या सगळ्या?"

यंत्र बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. "पुसल्या गेल्या," काका म्हणाला. "माझ्याच हातून. सवयीने."

तिने बर्फ खाली ठेवला आणि कोरा पडदा बघितला. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. काकाने निदान परतताना चुकू नये म्हणून बापलेकीच्या घरापाशी एक खूण घालून दिली. चिमणी टाकीमागे दडली, ते काकालाही आठवत होतं. पण किती आत जायचं ते म्हाताऱ्याच्या डोक्यात, आणि म्हातारा नुसता पाण्याकडे बघत बसलेला. "कुठे जायचंय आपल्याला?" त्याने दोनदा विचारलं. खूप वेळ फिरून मुलीने होडी वळवली.

म्हातारा यंत्रावर वाकला. पडद्यावरच्या एकुलत्या एका खुणेवर त्याने बोट ठेवलं.

"ही जागा बरी दिसते. इथे मासे लागतात का गं?"

"नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "तिथे आपण राहतो."