मामांच्या गाडीखालची जागा

अंधेरीला खऱ्या रेल्वेचा तोटा नव्हता. आमच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या तबेल्याच्या पत्र्यांवरून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांचा धूर दिसायचा, आणि लोकलचा आवाज तर कानाला इतका सरावाचा की बंद पडला तरच कळावं. हे सगळं फुकट होतं. तरी मामांनी घरात आणखी एक रेल्वे आणली. ज्या घरात पाहुणा आला की आधी वाळत घातलेलं धोतर उचलून त्याला बसायला जागा करायची, त्या घरात.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. त्यांच्याबद्दल वेडंवाकडं लिहिताना आजही हात जरा अडखळतो. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मिसरूड फुटल्यावर मी बोटीने मुंबईला आलो, तेव्हा भाऊच्या धक्क्यावर मामा उभे होते. बोट लागल्याने ओकून ओकून माझे पाय लटपटत होते. मामांनी माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली, इस्त्रीचा शर्ट चुरगळला तरी. मरोळच्या वाटेवरच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायचं काम त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिलं. हे सगळं खरं आहे. आणि ती गाडी हा शुद्ध गाढवपणा होता, हेही खरं आहे.

खोल्या दोन. बाहेरच्या खोलीत मामा, आतल्या खोलीत मामी आणि चूल. मला मिळाली गॅलरी. पहिल्याच दिवशी मामी म्हणाली, "गॅलरीत नुसती केरसुणी असते. तिथे झोप." केरसुणी कोपऱ्यात सरकली आणि मी झोपलो. गॅलरी इतकी अरुंद की हात पसरले तर एक कठड्याला लागायचा आणि एक भिंतीला. मला तेवढी पुष्कळ होती. ती गेली असती तर उरली होती लालबागची गाववाल्यांची खोली. तिथे गिरणीतले पाळीवाले पाळीपाळीने झोपायचे आणि एकाच्या अंगाची ऊब दुसऱ्याच्या वाट्याला यायची. त्या खोलीतून खोकला घेऊन गावी परतलेली माणसं मी पाहिली होती. म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठायचो, अंथरुणाची गुंडाळी करून केरसुणीच्या मागे लपवायचो आणि जेवताना तिसरी भाकरी नको म्हणायचो. ज्याचं अंथरूण कुणाच्या पायात येत नाही त्याला कुणी जा म्हणत नाही, असा माझा हिशेब होता.

मामा फोर्टात एका गोऱ्या कंपनीत कारकून होते. त्यांचा साहेब कायमचा विलायतेला निघाला. जाताना लोक कपबश्या देतात, खुर्च्या देतात. एका शिपायाला तर चांगली लोखंडी खाट मिळाली. मामांना मिळालं एक खोकं. त्यात चावीचं इंजिन, तीन डबे आणि वाकडे रूळ. खोक्याच्या झाकणावर चित्र होतं: हिरवंगार कुरण, त्यात मेंढ्या, त्यातून धूर सोडत जाणारी हीच गाडी. मामांनी ते झाकण भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी लावलं. उदबत्ती ओवाळताना हात जरा लांब केला की त्यावरच्या गाडीलाही धूर मिळायचा.

"साहेबाच्या मुलाची होती," मामा सांगायचे. "साहेबाने दुसऱ्या कुणाला दिली नाही. मलाच दिली."

मुलगा मोठा झाला म्हणून टाकून दिलेली वस्तू, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

रूळ जोडले की त्यांचं कडं व्हायचं, आणि ते कडं होतं तेवढंच राहायचं. पितळी वाटीसारखं, लहान करता येत नाही. बाहेरच्या खोलीत ते मांडलं तर मामांना झोपायला भिंतीवर जावं लागलं असतं. मग मामांची नजर गॅलरीकडे वळली. कडं गॅलरीपेक्षा वीतभर रुंद निघालं तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण बावळटपणाला वीतभर अंतर म्हणजे काय. मामांनी देवदारी खोक्यांच्या फळ्या ठोकून एक मोठा पाट केला, त्याची एक कड भिंतीत खुंट्या मारून त्यावर टेकवली आणि दुसरी कठड्यावरून बाहेर काढली. म्हणजे गाडी जवळजवळ सगळी फेरी आमच्या गॅलरीत मारायची आणि उरलेली वीतभर हवेत, खालच्या बिऱ्हाडाच्या तुळशीवर.

"तुझी काही अडचण नाही," मामा मला म्हणाले. "तू खाली."

"नाही मामा, मला काय," मी म्हणालो.

मी खाली झोपू लागलो. उठून बसायचं तर मान मोडून बसावं लागे. वर मामा गाडीला चावी देत, आणि तोंडावर फळी असल्यामुळे मला गाडी दिसत नसे, नुसती खरखर ऐकू येई. चावी संपली की मामा म्हणत, "वा." रोज तेवढंच बघून रोज वा. मी अंधारात डोळे मिटून मनात म्हणायचो, अहो, ती फिरते, दुसरं काय करणार.

शेजारचे निवृत्त मास्तर एकदा बघायला आले. त्यांनी हात मागे बांधून दोन फेऱ्या पाहिल्या.

"गाडी कुठली?" त्यांनी विचारलं.

"लंडनची," मामा म्हणाले.

"आणि जाते कुठे?"

"जाते असं नाही. फिरते."

"हां," मास्तर म्हणाले, "म्हणजे नोकरीत कायम झालीय."

वर्सोव्याहून मासळी घेऊन येणारी कोळीणसुद्धा मान वर करून बाहेर आलेली ती फळी न्याहाळून गेली. मामीला म्हणाली, ऊन बरं लागतं इथे, बोंबील सुकवायला झकास आहे. अख्ख्या चाळीत त्या फळीचा खरा उपयोग तिलाच सुचला. मामा दोन दिवस तिच्याकडून मासळी घेऊ देईनात.

दिवाळी आली. खाली अंगणात पोरांनी किल्ले केले. दगडमातीचे ढीग, वर मावळे, आणि उतारावर पेरलेले आळीव. चार दिवसांत किल्ला हिरवा होतो, हे मुंबईतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. मामा कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले. मग भिंतीवरच्या झाकणाकडे. आणि येणाऱ्या रविवारच्या पुढच्या रविवारी त्यांनी हेडक्लार्कला बायकोसकट चहाला बोलावलं. साहेब गेल्यावर कंपनीत हेडक्लार्क हाच साहेब होता.

मामांचा बेत मला जेवताना कळला. हेडक्लार्कला गाडी आवडली तर लाइन वाढवायची. वरती जागा संपलेली.

"खाली मालधक्का करू," मामा म्हणाले. "वरून उतार काढायचा, खाली मालगाडीचे डबे. जागा पडूनच आहे खालची."

मी ताटाकडे बघत राहिलो. पडून होतो तो मी.

मामीने विचारलं, "आणि हा?"

"बघू की," मामा म्हणाले. "लालबागला आपली माणसं आहेत."

मी त्या दिवशी दुसरी भाकरीही नको म्हणालो. मामांनी मात्र पुढचंच बोलायला सुरुवात केली. कुरण हवं होतं. लाकडाचा भुसा रंगवून टाका, असं मास्तरांनी सुचवलं होतं, पण भुसा मामांना थिल्लर वाटला. साहेबाच्या देशात गवत खरं असतं, म्हणे. त्यांनी फळीवर गोणपाट अंथरलं, रुळांच्या आतबाहेर लाल मातीचा थर दिला आणि मामीकडे आळीव मागितले. तिने डबा काखेत घट्ट धरला. भाचीच्या बाळंतपणासाठी लाडू करायचे म्हणून तिने ते निवडून ठेवले होते.

मामी चिडली की मालवणीत बोलायची. "आळीव बाळंतणीक देतत," ती म्हणाली, "गाडयेक नाय."

मामांनी डबा घेतलाच.

कुठल्याही पोराचा किल्ला जमिनीवर असतो. पाणी घातलं की जमिनीत मुरतं. मामांचा किल्ला माझ्या डोक्यावर होता. ते रोज रात्री निजण्याआधी तांब्याने पाणी शिंपायचे, मोठ्या प्रेमाने, बाळाला न्हाऊ घालावं तसं, आणि ते पाणी गोणपाटातून, फळ्यांच्या सांध्यांतून लाल होऊन माझ्या अंथरुणावर यायचं. पहिल्यांदा मी कूस बदलली. मग पायाकडे डोकं केलं. मग कारखान्यातून बाटल्यांच्या पेट्यांवरचं जुनं मेणकापड मागून आणलं आणि ते पांघरून झोपू लागलो. त्यावर थेंब टपटपायचे. चादर मी धुवायचो आणि सांगायचो की कारखान्यात माती लागली. बाटल्या धुणाऱ्याच्या चादरीला लाल माती कारखान्यात कशी लागेल, हे कुणी विचारलं नाही. मामीने एकदा चादर हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि परत दोरीवर टाकली.

मी काय सांगणार होतो? मामा, गळतंय? मग ते म्हणाले असते, गळतंय तर कशाला झोपतोस तिथे.

आळीव उगवले, हे कबूल करायला हवं. आणि कसे उगवले. पण आळीव म्हणजे गवत नव्हे, तो वाढायचं थांबत नाही. रविवारपर्यंत इंग्लंडचं कुरण डब्यांच्या खिडक्यांच्या वर गेलं आणि उजेडाच्या दिशेने सगळं मिळून कठड्याबाहेर वाकलं. मामांनी मिशीच्या कात्रीने ते भादरलं. मेंढ्या म्हणून कापसाचे बोळे ठेवले. पत्र्याच्या रुळांना तांबूस कड आली होती, तीही त्यांनी खोबरेल लावून लपवली. फळ्या मधोमध फुगून पाठ वर काढत होत्या, ते मात्र त्यांना वरून हिरवळीत दिसेना. मला खालून दिसत होतं. त्या दिवशी माझी गुंडाळी आतल्या खोलीत मामीच्या पिपांमागे गेली, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

हेडक्लार्क जाडजूड. गॅलरीत त्यांची बायको पुढे आणि ते दारात, एवढीच जागा. मामांनी नवा कोट घातला होता. स्वतःच्या घरात, नोव्हेंबरच्या उन्हात, कोट. त्यांनी चावी दिली, इंजिन ठेवलं आणि "सुटली" असं म्हणाले.

गाडी सुटली, हिरवळीत शिरली आणि फुगवट्याला लागली. तिथे ती नाक वर करून थांबली. कापलेले देठ चाकांत गुंडाळले, चाकं जागच्या जागी फिरत राहिली, चावी संपेपर्यंत. ती संपायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी समजलं. मेंढीचा एक बोळा हळूच घरंगळून खाली तुळशीत पडला.

"लेट आहे वाटतं," हेडक्लार्क म्हणाले.

त्यांच्या बायकोला गाडीचं काही नव्हतं. तिने वाकून एक देठ तोडला, वास घेतला, चावला.

"अगंबाई, आळीवच की," ती मामीला म्हणाली. "कोवळ्याची कोशिंबीर काय सुरेख होते. थोडा नेऊ का?"

मामीने तिला सुरी दिली. हेडक्लार्कच्या बायकोने साहेबाच्या देशाचं कुरण मुळासकट कापून पदरात घेतलं. मग सगळ्यांनी शिरा खाल्ला. मालधक्क्याचा विषय निघाला नाही.

पाहुणे गेल्यावर मामांनी खाली वाकून फळीचा तळ पाहिला. पहिल्यांदाच. ओल्या फळ्यांना काळे ओघळ, आणि लादीवर माझ्या अंथरुणाच्या आकाराचा कोरडा चौकोन सोडून भोवती सगळी लाल माती.

"तू रोज इथे झोपतोस," ते माझ्यावर ओरडले. "गळतंय हे दिसत होतं ना तुला? सांगितलं का नाहीस?"

बोलली मामी, चुलीपाशी बसूनच, भांडी आपटत.

"तेना सांगल्यान असता, मगे तेका खंय धाडतलास?"

मामांनी कोट काढून खुंटीला लावला. गाडी खोक्यात भरली. झाकण भिंतीवरून काढून खोक्याला लावलं, तेव्हा तसबिरीशेजारी एक पांढरट चौकोन राहिला.

फळी उतरवून त्यांनी अंगणात उन्हात टाकली. दोन-तीन रविवार ती तिथे वाळली. फुगवटा बराच बसला. मग मामांनी शेजारून करवत मागून आणली आणि मला हाक मारली.

"झोप बघू यावर."

मी घाबरत आडवा झालो. त्यांनी खडूने डोक्यापाशी रेघ मारली, पायापाशी मारली, मग माझ्या दोन्ही खांद्यांना लागून. ज्या माणसाने गॅलरी कधी मोजली नाही, त्याने मला मोजलं. फळी कापून चार विटांवर गॅलरीत ठेवली.

"लादीचा गारठा लागतो," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "झोप आता."

अर्थात मापात चूक होतीच. मामांच्या हातून मापात चूक झाली नाही असं एकही काम मला आठवत नाही. पाय टाचेपासून बाहेर राहायचे, आणि मधला उरलेला उंचवटा बरोबर कमरेखाली यायचा. लग्न होईपर्यंत मी त्याच फळीवर झोपलो. लालबागची खोली मी आतून कधी पाहिली नाही.