उजव्या हातातला पट्टा

इंदूताईंना कळ आली की त्या हसायच्या. हे वाचून मी काहीतरी अलंकारिक लिहिते आहे असं वाटेल, पण अलंकार मला जमत नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा जन्म लोकांचे आखडलेले गुडघे वाकवण्यात गेला. त्या खरोखर हसायच्या. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, कधी नुसतं बसल्याबसल्या कमरेत लचक भरली तरी, मान मागे टाकून, खळखळून. सदर भागातल्या आमच्या क्लिनिकच्या बाहेरच्या बाकावर त्या पहिल्यांदा येऊन बसल्या, तेव्हा मी आतूनच ओरडले होते, "अहो, जरा हळू! इथे पेशंट आहेत."

"मी बी पेशंटच हावो ना वं बाई," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या.

बाई काटोलच्या. नवरा गेल्यावर मुलगा प्रशांत त्यांना शहरात, मनीषनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला होता. दुखणं मात्र त्यांनी तरुणपणापासून सांभाळलेलं. कंबर, खुबे, मान, आणि काही दिवस तर केसांच्या मुळांपर्यंत सगळंच. एका डॉक्टरने वय सांगितलं, एकाने गॅस, एकाने चष्म्यावरून बघत विचारलं, "घरी सुनेशी पटतं का?" इंदूताईंनी हे सगळं आम्हाला नकला करून दाखवलं होतं. प्रशांत काही वाईट मुलगा नव्हता. वेळच्या वेळी गाडीतून आणायचा, औषधं आणायचा. पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. दुखून राहिलं म्हणते आणि हसून राहिली असते. माणसानं काय समजायचं?" प्रश्न रास्त होता.

आमच्या भिंतीवर चेहऱ्यांचा एक तक्ता आहे. डावीकडे हसरा गोल चेहरा, मग थोडा कमी हसरा, असं करत करत उजवीकडे डोळ्यांतून धारा लागलेला. हसरा म्हणजे अजिबात दुखत नाही, रडका म्हणजे सोसवत नाही. आमचे डॉक्टर दर वेळी विचारायचे, "इंदूताई, यातला तुमचा कोणता?" आणि त्या दर वेळी पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या. त्यामुळे त्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक भेटीखाली शून्य लिहिलेलं होतं. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "ताई, दुखत नाही तर येता कशाला इतक्या लांब?"

"दुखत नाही कोन म्हणते?" त्या म्हणाल्या. "दाक्तरसायबानं माहं तोंड कोनतं इचारलं. मी अशीच दिसतो ना? रडकं तोंड केलं का कधी तुह्यासमोर?"

मी तक्त्याकडे बघितलं. तो छापणाऱ्यांना काटोलची सून माहीत असण्याचं कारण नव्हतं.

त्यांच्या सासरी अंगणात संत्र्यांची निवड चालायची. मोठी एकीकडे, लहान एकीकडे, डागी वेगळी. घरच्या बायका सकाळपासून उकिडव्या बसून ते काम करायच्या आणि व्यापारी खाटेवर बसून बघायचे. पहिल्या बाळंतपणानंतर इंदूताईंची कंबर धरली ती तिथेच. एकदा त्या कण्हल्या, तर सासू कानाशी येऊन म्हणाली, "सौदा चालू हाये. दारात व्यापारी असताना बाईनं कन्हू नये, लक्ष्मी आल्यापावली परतते." म्हणून दुसऱ्या वेळी कळ आली तेव्हा त्या हसल्या. व्यापाऱ्याला वाटलं, घर सुखी आहे. सासू खूश झाली. "मंग तेच लागलं अंगवळणी," इंदूताई म्हणाल्या. "आता व्यापारी नाही, सासू नाही, संत्राही नाही. हासू राह्यलं."

त्याच सुमारास आमच्याकडे ते पट्टे आले. जुनाट दुखण्याच्या बायकांसाठी एक प्रयोग होता: मनगटावर पट्टा बांधायचा, तो दिवसरात्र नाडी मोजणार, कातडीवरचा घाम मोजणार, झोप किती मोडते ते बघणार, हात किती हलतो तेही टिपणार. त्यावरून दुखणं किती हे बाईला न विचारताच कळेल, अशी कल्पना. तो सांभाळायला पुण्याहून निखिल नावाचा इंजिनिअर आला होता, फार गोड मुलगा. तो इंदूताईंना म्हणाला, "आजी, आता तुम्हाला काही सांगायची गरजच पडणार नाही."

"वा रे वा," त्या म्हणाल्या. "आतापावतर सांगून कोनाले समजलं, ते तरी सांग."

पट्टा डाव्या हातात बांधतात. त्यांनी उजवा पुढे केला. डाव्या हातात प्रशांतने पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ होतं आणि ते काढायला त्या तयार नव्हत्या. निखिलने कपाळावर आठ्या घातल्या, पण बांधला.

मग ज्या रेघा निघाल्या त्या आमच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितल्या. आमच्यासमोर त्या हसल्या होत्या तिथे तिथे नाडी उसळलेली, घाम फुटलेला. झोपेचे तर तुकडे तुकडे. प्रशांतला बोलावून स्क्रीनसमोर बसवलं. इंदूताईंना विचारून जुळवलेल्या वेळांवर निखिल बोट ठेवून सांगत गेला, हे स्वयंपाकघरात, हे पाहुणे आले तेव्हा, हे तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला. प्रशांतचा चेहरा उतरत गेला. "आई," तो म्हणाला, "सांगितलं काहून नाही?"

"सांगतच व्हतो ना बाप्पा," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसले. कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवला म्हणून माणूस असा रडतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. औषधं बदलली, व्यायाम सुरू झाले, थोडा उतारही पडला. मला वाटलं, चला, एका बाईचं तरी भलं झालं.

पण प्रशांतने पट्टा आईच्या फोनला आणि आईचा फोन आपल्या फोनला जोडून घेतला. रेघ वर गेली की तो ऑफिसमधून फोन करायचा: आई, गोळी घे, आई, आडवी हो. एकदा त्या माझ्याकडे व्यायाम करत होत्या. मी त्यांना माझ्या सासऱ्यांची एक फजिती सांगत होते. त्या हसायला लागल्या, हसता हसता खुर्चीवरून कलल्या, आणि त्यांनी उजवा हात माझ्यापुढे करून म्हटलं, "दे टाळी!" मी टाळी दिली. तेवढ्यात फोन वाजला.

"अरे, काही दुखून नाही राह्यलं. इथं गंमत चालू हाये."

पलीकडून प्रशांतचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, खोटं बोलू नको. दिसून राहिलं मला."

त्यांनी फोन ठेवला आणि हात मांडीवर घेतले. "पाह्य वं," त्या म्हणाल्या, "आधी दुखते म्हटलं तं खरं नव्हतं. आता नाही दुखत म्हटलं तं खोटं. मानसानं बोलावं तरी केव्हा?"

एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात बसली. कळ आली की इंदूताई तोंडाने हसायच्या आणि हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवायच्या. खरं हसू आलं की मात्र त्यांना टाळी हवी असायची. समोर कोण आहे, डॉक्टर की झाडूवाली, हे त्या बघायच्या नाहीत. मी निखिलला सांगितलं. त्याने हाताच्या हालचालीची खालची रेघ मोठी करून बघितली. टाळीच्या जागी टोकदार सुळका उमटला होता, काट्यासारखा. "पट्टा उजव्या हातात आहे म्हणून दिसला," तो म्हणाला आणि मनापासून आनंदला. मी इंदूताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा टाळी मागितली. "म्हंजे मशीनले बी समजलं? मंग आता हासायले हरकत नाही." प्रशांतला हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.

थंडी सरता सरता बहिणीच्या नातीची हळद होती म्हणून त्या काटोलला गेल्या. प्रशांतनेच बसमध्ये बसवून दिलं. फोन त्या घरी टीव्हीशेजारी ठेवून गेल्या. विसरल्या की मुद्दाम ठेवला, हे त्यांनाच माहीत. पट्टा हातात होता. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्यांना उठवायला गेलेली बहीण ओरडतच बाहेर आली. झोपेतच गेल्या होत्या. हृदय, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं.

तेरवी झाल्यावर प्रशांत पट्टा परत करायला आला. रुमालात गुंडाळून आणला होता. पट्टा फोनपासून लांब असला तरी आपल्यापाशी सगळं साठवून ठेवतो, हे त्याला निखिलने कधीतरी सांगितलं होतं. तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मावशी म्हणते, हळदीच्या दिवशी दुपारभर हसत होती. सगळेच म्हणतात, आनंदात गेली. मॅडम, तेवढं बघून सांगा. आनंदात होती ना?"

निखिल पुण्याला परत गेला होता. मीच पट्टा जोडला. हळदीची दुपार स्क्रीनवर आली. वरची रेघ उंच, उतरायला तयार नाही. मी खालची रेघ मोठी केली. ती सपाट होती. मांडवातल्या इतक्या बायका, इतकं हसणं, आणि दुपारभरात एकही सुळका नाही. हात मांडीवर होते. घट्ट धरलेले असणार.

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. प्रशांत त्या एका शब्दासाठी आला होता आणि तो दिला असता तर कोणाचं काय जाणार होतं? पण या बाईने सगळं आयुष्य एकच गोष्ट मागितली होती: दुखतं म्हटलं की दुखतं असं माना. ती मेल्यावर पुन्हा मीच म्हणायचं, नाही हो, काही दुखत नव्हतं?

"दुखत होतं, प्रशांत," मी म्हटलं. "खूप."

तो स्क्रीनकडे वाकला. "मग हे ओळखलं कसं तुम्ही? हसत तर होती."

मी त्याला टाळीचं सांगितलं. खालची रेघ दाखवली, आधीच्या महिन्यांतले सुळके दाखवले. हा माझ्या सासऱ्यांच्या फजितीचा, हा झाडूवाल्या मावशींबरोबरचा, हा डॉक्टरांचा. तो प्रत्येकाची तारीख वाचत होता, आणि सगळ्या तारखा क्लिनिकमध्ये येण्याच्या होत्या.

"टाळी?" तो म्हणाला. "आई टाळी मागायची?"

"नेहमी."

"आमच्या घरी कधी नाही मागितली." टेबलावरचा त्याचा हात हळूच उलटा झाला, तळवा वर. मग त्याचं त्यालाच ते लक्षात आलं आणि त्याने तो खिशात घातला.

तक्ता अजून भिंतीवर आहे. पहिल्या चेहऱ्यावर कोणी बोट ठेवलं की मी आता लिहून घ्यायची थांबते. लग्नाकार्यात बायका हसायला लागल्या की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. मी त्यांचे चेहरे बघत नाही, पदराखालचे हात शोधते. नवरा म्हणतो, तुला काहीतरी लागलं आहे. लागलं असेलही. परवा आईचा फोन आला होता. तिचे गुडघे गेली काही वर्षं धरलेले आहेत, पण ती स्वतःहून कधी त्याचं बोलत नाही. शेजारणीचं काहीतरी सांगता सांगता ती एकदम हसायला लागली, खळखळून. मी म्हटलं, "आई, तुझा हात कुठे आहे आत्ता?"

"कुठं म्हणजे? मांडीवर हाये," ती म्हणाली. "काहून वं?"