पूर्ण झालेलं काढून टाकावं

चार शब्दांत एकोणचाळीस बायका नाहीशा करणारी बाई पाहिलीय का कधी? नसेल तर चहा घ्या, आणि माझ्याकडं बघा.

धाराशिवात आमच्या गल्लीत चाळीस जणींचं व्रतमंडळ आहे. कुणाचे शुक्रवार, कुणाचे गुरुवार, कुणाला आंबट चालत नाही, कुणाला मीठ, ही सगळी यादी माझ्याकडं. आधी ती वहीत होती. माझी सून स्नेहल घरूनच कंपनीचं काम करते. तिनं यादी कॉम्प्युटरवर घेतली आणि एक एआयची मदतनीस बसवून दिली. फोनवर सांगितलं की कामं आपली आपण करते. वही मी रद्दीत घालणार होते, पण बेंबळीच्या थोरल्या जाऊबाई घेऊन गेल्या. मशीनवर त्यांचा भरवसा न्हाय म्हणे. मी मनात हसले.

ह्या मदतनीसबाईच्या हाती तीन टूल होती: नाव घालायचं, शोधायचं आणि काढून टाकायचं. स्नेहल म्हणाली, प्रत्येकाचं वर्णन तुम्हीच लिहा, ते वाचूनच ती कुठलं कधी चालवायचं ते ठरवते. वर बजावलंही, "आई, काढलेलं परत येत नाही. नीट फोडून लिहा."

आता ह्यात फोडायचं काय? आमच्यात 'ताट वाढ' म्हटलं की बाईला कळतंच, चटणी कुठं नि कोशिंबीर कुठं. काढायच्या टूलखाली मी लिहिलं, 'पूर्ण झालेलं काढून टाकावं.' आटपलं.

श्रावणात एका शुक्रवारी नऊ जणींचं उद्यापन माझ्या घरी ठरलं. बुधवारी मी मदतनीसबाईला सांगितलं, नऊ जणींची व्रतं पूर्ण झाली, यादी नीट करून ठेव, म्हणजे सगळ्यांना निमंत्रणं धाडता येतील.

"नऊ नावं काढली," ती म्हणाली.

अहो, व्रतं काढायची सोडून तिनं बायकाच काढल्या होत्या! नंबर, पत्ते, पथ्यं, सगळ्यासकट. मी डाफरले, "अगं, ह्याच नऊ कशा? बाकीच्यांची काय व्रतं पूर्ण झाली नाहीत का?"

दुसऱ्या कुणालाही हे भांडण आहे हे कळलं असतं. तिला ती चौकशी वाटली. "तपासलं. आणखी तीस जणींची आधीच झालेली आहेत. तीही नावं काढली."

एकच नाव उरलं. ते बघून मी फोन आधी पालथा घातला.

मग मात्र शुक्रवारची पंगत आठवली. पथ्याची यादीच नाही म्हटल्यावर कुणाच्या पानात चिंचेचं सार पडलं असतं तर? वर्षाचे उपास, आणि शेवटच्या घासाला माझ्यामुळं भंग? स्नेहल रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आई, तिनं लिहिलं होतं तसंच केलं." तेच जास्त लागलं.

देवापुढं बसले आणि एकाएकी सुचलं. मी जन्मभर व्रताच्या कहाण्या सांगत आले. कहाणीत 'व्रत करावं' एवढंच सांगून थांबतात का? कधी धरावं, काय करू नये, मोडलं तर काय होतं, सगळं सांगतात. ऐकणारी नवखी असते ना!

मी कहाणीसारखंच लिहिलं: 'हे टूल फक्त व्रताची नोंद काढतं. बाईच्या नावाला, नंबराला, पथ्याला हात लावू नये. उद्यापन झालं असेल तरच वापरावं. कुणाचं काय काढतेय ते आधी वाचून दाखवावं आणि हो म्हटल्यावरच काढावं. काढलेलं परत येत नाही. रागाच्या प्रश्नाला हुकूम समजू नये. शंका आली तर विचारावं.' स्नेहलनं टूलही तसंच बदललं.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं बेंबळी गाठली. जाऊबाईंनी वही काढून ठेवलीच होती. "आलीस व्हय? म्या वाटच बघत हुते." त्या वहीबरोबर स्वतःही आल्या. आम्ही तिघींनी संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस नावं पुन्हा घातली.

शुक्रवारी चाळीस पानं उठली, एकीचंही पथ्य मोडलं नाही. मग सगळ्यांदेखत मी ऐटीत म्हटलं, नऊ उद्यापनं झाली, नोंदी काढ. मदतनीसबाईनं नऊ जणींची व्रतं वाचली आणि विचारलं, "काढू का?" मी हो म्हटलं. नऊ व्रतं गेली, चाळीस बायका जागच्या जागी! स्नेहलनं सांगितलं, माझं वर्णन तिच्या ऑफिसात नमुना म्हणून सगळ्यांना वाचायला दिलंय. जाऊबाईसुद्धा म्हणाल्या, "लई झ्याक लिहिलंस."

तिथंच थांबायचं ना! पण कहाणीच्या भरात शेवटी मी एक ओळ जास्तीची लिहिली होती: 'कुणाचं व्रत अर्धवट राहिलं असेल, तर प्रेमानं आठवण करावी.'

मदतनीसबाई भर पंगतीत बोलू लागली. "एक व्रत अर्धवट आहे. सोळा सोमवार. दहा झाले, सहा राहिले. तीन वर्षं झाली. शालनकाकू, आठवण करू का?"

"कर की," जाऊबाई म्हणाल्या. "जळकोटच्या बारशात भजी खाऊन मोडलंय तिनं."

बुधवारी पालथ्या फोनखाली कुणाचं नाव होतं, ते सगळ्या गल्लीला कळलं. मशीन बिचारं चुकलंच नव्हतं. पूर्ण झालेल्या तेवढ्या काढ म्हटलं होतं, आणि चाळीस जणींत अपूर्ण मी एकटीच निघाले.